गुंगीच्या औषधाचा खरा हिशेब
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि जमाखर्चाच्या वहीतील काही नोंदींचा अर्थ रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहिल्याखेरीज उमगत नाही. तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिका, जठर व लहान आतड्याचा आरंभीचा भाग तपासताना जी गुंगी दिली जाते, तिचा खर्च ही अशीच एक नोंद आहे.

या तपासणीची भीती मोठी आहे. सोलापुरातील विडी कामगार भगिनी, यंत्रमागावरील कामगार, अक्कलकोट-मंगळवेढ्याहून एस.टी.ने येणारे शेतकरी घास अडकत असला तरी नळीचे नाव काढताच उठून जातात. एक यंत्रमाग कामगार असेच निघून गेले. काही महिन्यांनी परतले तेव्हा घशाखाली केवळ पाणी उतरत होते. तंबाखूमुळे होणारा अन्ननलिकेचा कर्करोग अशा विलंबाची वाट पाहत थांबत नाही.

घसा बधिर करणारा फवारा मारून अनेकांची तपासणी काही मिनिटांत गुंगीविनाही होते. ज्यांना ते सोसवत नाही, त्यांना शिरेतून मिडॅझोलम देतात. ही पूर्ण भूल नव्हे. हाक मारली की रुग्णाने ओ द्यावी, एवढीच गुंगी अपेक्षित असते. औषध थोडेथोडे, थांबत-थांबत द्यावयाचे आणि वृद्धांना त्याहून कमी. हा धडा जगाने किंमत मोजून घेतला आहे. अमेरिकेत १९८५ साली या औषधास मान्यता मिळाली. आरंभीच्या वर्षांत जास्त मात्रा दिल्या गेल्याने श्वास मंदावून अनेक रुग्ण दगावले आणि त्यानंतर मात्रा कमी करण्यात आल्या.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी खर्चकपातीसाठी आम्ही एक सूचना तयार केली होती. दुर्बीण कक्षात डॉक्टरांच्या मदतीला एक परिचारिका असताना, केवळ रुग्णाकडे पाहत राहणारी दुसरी कशासाठी, असा आमचा प्रश्न होता. त्याच आठवड्यात एका वृद्ध मातोश्रींची तपासणी चालू असताना त्या दुसऱ्या परिचारिकेच्या ध्यानी आले की, छाती हलेनाशी झाली आहे. बोटावरील यंत्राचा आकडा अजून ठीक होता. तो नंतर उतरला. तिने हनुवटी वर उचलली, प्राणवायू वाढविला, डॉक्टरांनी दुर्बीण बाहेर काढली. सायंकाळी मातोश्री मुलासोबत घरी गेल्या. आम्ही ती सूचना फाडून टाकली.

पुढे डॉक्टरांनी आम्हांस समजावले. बोटावरील यंत्र रक्तातील प्राणवायू दाखविते, श्वास दाखवीत नाही. वरून प्राणवायू चालू असेल तर श्वास थांबल्यानंतरही काही काळ आकडा चांगलाच राहतो. म्हणून यंत्र हवेच, परंतु पाहणारा माणूसही हवा. मिडॅझोलमवर फ्लुमॅझेनिल हा उतारा आहे. मात्र त्याचा प्रभाव आधी ओसरतो आणि गुंगी पुन्हा चढू शकते, म्हणून त्यानंतरही देखरेख लागते. प्रोपोफॉलला तर उताराच नाही; ते आपल्याकडे भूलतज्ज्ञांनीच द्यावे, असा नियम आहे.

औषधाची कुपी स्वस्त असते. खर्च होतो तो प्राणवायू, घशातील स्राव ओढणारे यंत्र, तपासणीनंतरची विश्रांतीची खाट आणि त्या दुसऱ्या परिचारिकेचे वेतन यांवर. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, वेतनावर येत नाही. पण मातोश्रींना घरी पाठविले ते त्या वेतनाने.

आप्तेष्टांना काही विनंत्या. रुग्णाने आधी सहा तास काही खाऊ नये. पाणी कधी बंद करावे ते डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची वा रक्त पातळ करणारी औषधे, दमा, झोपेतील घोरणे, यकृताचा विकार, मद्यपान यांपैकी काहीही लपवू नये. कवळी काढून ठेवावी. गुंगीमुळे डॉक्टरांचे बोलणे रुग्णाच्या स्मरणात राहत नाही, म्हणून ते सोबतच्या व्यक्तीने ऐकावे आणि लेखी घ्यावे. पुढील चोवीस तास रुग्णाने दुचाकी चालवू नये, व्यवहाराच्या कागदावर सही करू नये. संमतिपत्र मराठीत असले तरी त्याचा अर्थ कन्नड वा तेलुगू भाषेतून समजावून मागण्याचा आपणांस हक्क आहे.

देणगीदारांस आमची नम्र प्रार्थना एवढीच की, यंत्रांइतकाच त्यांच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसांनाही आपला आधार द्यावा. ताळेबंदात ही रक्कम खर्चाच्या बाजूस दिसेल. आम्ही मात्र ती आता जमेतच धरतो.