भातसा-काळूचें खोरें
(जुबिलीनिमित्त केलेलें भाषण)



जुबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या भूमीविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती आम्ही आनंदानें शिरोधार्य मानितों. ज्या भूमीचें अन्न खावें आणि पाणी प्यावें, तिची ओळख करून घेणें हा कृतज्ञतेचाच एक प्रकार होय.

शेणव्याच्या माळावर उभें राहून पाहावें. पूर्वेस सह्याद्रीची उत्तुंग भिंत, पश्चिम अंगास माहुलीचे सुळके, आणि मध्यें साग-ऐनाचें रान व भाताचीं खाचरें. समुद्र येथून दिसत नाहीं. तरी येथील प्रत्येक ओढ्याची धाव समुद्राकडेच आहे. थळघाटाच्या बाजूनें येणारी भातसा काळूस मिळते. माळशेजच्या बाजूनें उतरणारी काळू कल्याणनजीक उल्हासेस मिळते. आणि उल्हास वसईच्या खाडीनें अरबी समुद्रास जाते. शहापूर व मुरबाड हे तालुके म्हणजे या खोऱ्याचा माथा होय.

ज्या वाटेनें पाणी उतरलें, त्याच वाटेनें माणसें चढलीं. मुरबाडाकडून जुन्नराकडे जाणारा नाणेघाट दोन हजार वर्षांहून जुना आहे. घाटमाथ्याच्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील लेख आहे. त्यांत यज्ञांची व दानांची नोंद असून दानांच्या संख्या अंकांत कोरिल्या आहेत. जवळच एक दगडी रांजण आहे. जकातीचें नाणें त्यांत टाकीत असत, असें लोक सांगतात.

या वाटेच्या खालच्या टोंकास कल्याण बंदर होतें. पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासग्रंथांत त्याचें नांव येतें. सहाव्या शतकांत कोस्मास नामक प्रवाशानें ‘कल्याना’ येथें इराणांतून नेमलेला बिशप असल्याचें लिहून ठेविलें; तें स्थळ आपलें कल्याणच होय, असें बरेच विद्वान मानितात. तसें असेल तर पोर्तुगीज येण्यापूर्वीं सुमारें एक हजार वर्षें या खाडीच्या कांठीं ख्रिस्ती प्रार्थना होत होती. पुढें १३२१ सालीं ठाणें येथें फ्रान्सिस्कन संघाच्या चौघांनीं श्रद्धेसाठीं प्राण दिले. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे गेली, आणि १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं ती मराठ्यांच्या राज्यास जोडिली.

खोऱ्याच्या माथ्यासही मोठे दिवस पाहावयास मिळाले. १६३६ सालीं माहुलीच्या किल्ल्यावर शहाजीराजांना मोंगलांच्या व विजापूरच्या फौजांनीं वेढिलें, आणि तेथेंच निजामशाहीची अखेर झाली. पुरंदरच्या तहांत गेलेला हा किल्ला १६७० सालीं स्वराज्यांत परत आला. मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाजवळ २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनीं स्वातंत्र्यासाठीं देह ठेविला. आगगाडी १८५४ सालीं कल्याणास पोंचली आणि १८६५ सालीं थळघाट चढली. तेव्हांपासून बैलांच्या तांड्यांची जुनी वाट हळूहळू ओस पडली.

हा सारा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट मनांत येते. या भूमीवरून पुष्कळ कांहीं गेलें. येथें थांबलें थोडें. माल गेला, फौजा गेल्या, रानांतील लांकूड व खैराचा कात गेला. आतां पाणी जातें.

याच तालुक्यांत, शेजारच्या वैतरणेच्या खोऱ्यांत, १८९२ सालीं तानसा तलाव पुरा झाला. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ सालीं झाला, आणि पुढें भातसेवर मोठें धरण उभें राहिलें. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा आज एकटी भातसा उचलते. तहानलेल्या नगरास पाणी देणें हें पुण्यकर्मच आहे. त्याबद्दल आम्हांस हेवा नाहीं. परंतु ज्या डोंगरांचें तें पाणी, त्याच डोंगरांतील ठाकूर, कातकरी व महादेव कोळी बंधूंच्या पाड्यांवर चैत्र-वैशाखांत विहिरींचा तळ दिसतो. माउल्या व लेकी डोईवर हंडा घेऊन मैलच्या मैल चालतात. नाहीं तर टँकरची वाट पाहत उन्हांत बसतात.

पाऊस कमी पडतो काय? मुळींच नाहीं. वर्षास सुमारें शंभर इंच पडतो. पण तो चार महिन्यांतच पडतो. डोंगरउतार तीव्र, खालचा काळा खडक कठीण. त्यांत पाणी थोडेंच मुरतें, बाकीचें धांवत खाडीस जातें. झाडी तुटली म्हणजे तें अधिकच धांवतें.

तेव्हां या जुबिलीच्या वर्षीं आमची एक नम्र विनंति आहे. रोषणाई व मेजवानी यांचा खर्च कांहींसा आंखडावा. प्रत्येक वाडीनें भाद्रपद-आश्विनांत, ओढा वाहता असतांनाच, दगडमातीचा किंवा पोत्यांचा एक बंधारा घालावा. जुन्या विहिरींचा गाळ काढावा, उतारावर चर खणावेत, आणि करंज, आंबा, जांभूळ यांचीं रोपें लावावींत. हें काम श्रमाचें आहे, फार धनाचें नाहीं. आणि तें करितांना हा पाडा आपल्या धर्माचा, तो परक्याचा, असा भेद मनांत आणूं नये. प्रभु येशू स्वतः थकूनभागून विहिरीवर बसले, तेव्हां त्यांनीं परक्या जातीच्या स्त्रीपाशींच पाणी मागितलें होतें, हें आपण जाणतोंच.

या खोऱ्यांतून शतकानुशतकें सर्व कांहीं वाहून गेलें. आपल्या हातून त्यांतील ओंजळभर तरी येथें थांबावें, आणि पुढील जुबिलीस जमणाऱ्या आपल्या नातवंडांनीं वैशाखांतही आपल्याच विहिरीचें पाणी प्यावें, एवढीच देवाच्या चरणीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.