"चालतंय की, मग बदलायचं कशाला?"

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही आयुष्यभर विमानं दुरुस्त केलीत, काहीतरी गमतीचं बोला." गंमत एकच सांगतो. मुंबईत नोकरीला असताना गाव कुठलं विचारलं की मी सांगायचो, कर्जत. लोक म्हणायचे, "अरे वा, रोज लोकलने येता-जाता?" मग सांगावं लागायचं, ते कर्जत नव्हे, आमचं गोदड महाराजांचं कर्जत, नगर जिल्ह्यातलं. तिथे लोकल नाही, एसटी आहे, तीही आली तर. झाली गंमत. आता कामाचं बोलतो.

मी विमानाच्या रेडिओ आणि विजेच्या विभागात होतो. वैमानिक कंट्रोल टॉवरशी बोलतो तो रेडिओ, प्रवाशांना सूचना देतात ती यंत्रणा, ज्याला लोक ब्लॅक बॉक्स म्हणतात तो रेकॉर्डर, या सगळ्यांना वीज कुठून मिळते, किती मिळते, आणि वेळ आली तर ती तोडायची कशी, हे बघणं माझं काम. लोकांना वाटतं रेडिओ बिघडला की धोका. तसं नाही. रेडिओ एक बिघडला तर दुसरा असतो. धोका त्याच्या पाठीमागच्या वीजपुरवठ्यात असतो. रेडिओ बंद पडला तर आवाज जातो, वायर तापली तर आग लागते.

म्हणून विमानाच्या जगात एक पद्धत आहे. एखाद्या प्रकारच्या विमानात किंवा यंत्रात धोक्याचा दोष सापडला, की त्या देशाचं विमान नियामक खातं लेखी आदेश काढतं: अमुक भाग तपासा, अमुक बदला, अमुक मुदतीत. आपल्याकडे हे काम दिल्लीचं डीजीसीए बघतं. अशा बदलाला आम्ही "मँडेटरी मॉडिफिकेशन" म्हणायचो, म्हणजे सक्तीची सुधारणा. मुदत कधी दिवसांत असते, कधी उड्डाणाच्या तासांत. मुदत उलटली आणि काम झालं नाही, तर विमान जमिनीवर. मग त्यात तीनशे प्रवाशांची तिकिटं काढलेली असोत, नाहीतर मंत्री बसायचे असोत.

आता हे आदेश येतात कुठून? बहुतेक वेळा कुणाचं तरी फार मोठं नुकसान झाल्यावर येतात. दोन उदाहरणं सांगतो.

२ सप्टेंबर १९९८. स्विसएअरचं एमडी-११ विमान न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालं. कॅनडाच्या किनाऱ्याजवळ कॉकपिटमध्ये कसलातरी वास आला. त्यानंतर सुमारे वीस मिनिटांत विमान समुद्रात. २२९ माणसं गेली. कॅनडाच्या तपास मंडळाने समुद्राच्या तळातून तुकडे गोळा करून विमानाचा पुढचा भाग पुन्हा जुळवला. चार वर्षांहून जास्त काळ तपास चालला. त्या विमानात वरच्या वर्गाच्या प्रवाशांसाठी सिनेमा आणि खेळ दाखवणारी यंत्रणा मागाहून बसवलेली होती. तिच्या पॉवर सप्लायकडे जाणाऱ्या वायरवर ठिणगी पडल्याची खूण सापडली. आग बहुधा अशाच ठिणगीने लागली आणि छताच्या आतल्या उष्णतारोधक आवरणाने ती पसरवली, असा निष्कर्ष निघाला.

यातली मला सगळ्यात बोचलेली गोष्ट वेगळी आहे. कॉकपिटमध्ये एक बटण असतं. धूर दिसला की ते दाबायचं, म्हणजे प्रवासी कक्षातली बिनगरजेची वीज बंद होते. पण ही नवी यंत्रणा जोडताना तिची वीज भलत्याच ठिकाणाहून घेतली होती. ते बटण दाबलं तरी तिची वीज चालूच राहणार. म्हणजे घराचं मेन स्विच पाडलं आणि एक खोली शेजारच्या मीटरवर चालूच राहिली, असं झालं. जोडणाऱ्याने वाईट हेतूने जोडलं नव्हतं. यंत्रणा चालत होती, सिनेमा दिसत होता. कुणी विचारलंच नाही की ही बंद कशी करायची?

त्या अपघातानंतर ती यंत्रणा तशी वापरायला बंदी आली, आणि ते पेट घेणारं आवरण शेकडो विमानांतून काढून टाकण्याचा आदेश निघाला. आणखी एक सुधारणा झाली. त्या विमानात शेवटची पाच-सहा मिनिटं ब्लॅक बॉक्सची वीजच गेली होती, त्यामुळे शेवटी काय घडलं याची नोंद नाही. पुढे २००८ मध्ये अमेरिकेने नियम केला, की नव्या विमानात कॉकपिटमधले आवाज टिपणाऱ्या रेकॉर्डरला दहा मिनिटं पुरेल असा वेगळा वीजपुरवठा हवा. म्हणजे विमानाची सगळी वीज गेली तरी तो ऐकत राहील.

दुसरं उदाहरण १२ जुलै २०१३ चं, लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचं. इथिओपियन एअरलाइन्सचं ड्रीमलायनर विमान कित्येक तास उभं होतं. आत कुणी नाही, इंजिन बंद, बाहेरून वीज जोडलेली नाही. आणि शेपटीकडच्या छतातून धूर यायला लागला. टॉवरमधल्या माणसाला तो दिसला म्हणून कळलं.

वीजच नाही तर आग कशी? त्या छतात एक छोटं यंत्र होतं, संकटात संदेश पाठवणारं. त्याला ईएलटी म्हणतात. विमान कुठे आदळलं तर हे यंत्र आपोआप ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारतं. भारतात ही हाक बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात ऐकली जाते. अपघातात विमानाची वीज जाणारच, म्हणून या यंत्राची स्वतःची बॅटरी असते, लिथियमची. तपासात दिसलं की बॅटरीच्या दोन वायरी एकमेकींवर येऊन झाकणाखाली दबल्या असाव्यात. झाकण बसवताना कुणीतरी स्क्रू आवळले आणि वायर चेपली. एवढंच. त्यातून शॉर्ट झालं आणि एकामागून एक सेल पेटत गेले. जीव वाचवायला बसवलेलं यंत्र आग लावून बसलं.

त्या प्रकारची सुमारे सहा हजार यंत्रं जगभरच्या विमानांत होती, आणि तोपर्यंत एकही पेटलेलं नव्हतं. सहा हजारांत एक! आपण असतो तर काय म्हटलं असतं? "जाऊ द्या हो, योगायोग." पण दोन आठवड्यांत अमेरिकेच्या नियामकांचा आदेश निघाला: ड्रीमलायनरमधलं हे यंत्र दहा दिवसांत तपासा, नाहीतर काढून ठेवा. तपासल्यावर इतर काही कंपन्यांच्या विमानांतही दबलेल्या वायरी सापडल्या. त्या पेटल्या नव्हत्या, चालत होत्या.

आता स्वतःची एक गोष्ट सांगतो, जी मी घरीसुद्धा फारशी सांगितलेली नाही. नव्वदच्या दशकातली. मी ज्या कंपनीत होतो, तिथे रेडिओला वीज नेणाऱ्या वायरींचा जुडगा तपासायचा आदेश आला होता. क्लॅम्पजवळ घासतो का बघायचं, आणि त्यावर संरक्षक नळी चढवायची. जमिनीखालच्या कप्प्यात वाकून, हातात टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन करायचं काम. पाच विमानं तपासली, पाचही स्वच्छ. सहावं रात्री तीन वाजता हाती आलं. पहाटे त्याचं उड्डाण. मी आरशात बघितलं, ठीक दिसलं. कागदावर सही करायला पेन काढलं.

आमचे वरिष्ठ तिथे होते. ते म्हणाले, "मागची बाजू दिसली का?"

मी म्हणालो, "साहेब, पाच विमानं बघितली, कुठेच काही नाही. आणि रेडिओ एकदम झकास चालतोय."

ते म्हणाले, "चालतोय हे मी विचारलं नाही. दिसली का, हे विचारलं."

रागातच क्लॅम्प सोडला. मागच्या बाजूला वायरीचं आवरण घासून तांबं उघडं पडलेलं होतं. पाठीमागे विमानाचा धातूचा सांगाडा, मध्ये एक कागद जाईल एवढी जागा. विमान तासभर उशिरा सुटलं. प्रवासी चिडले असतील. त्यांना कारण कधीच कळलं नाही. पण मला त्या सकाळी घरी जाऊन झोप आली नाही. आधीच्या पाचांत एका विमानाची मागची बाजू मी नीट बघितली होती का, हे मला आठवेना. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना सांगून ते पुन्हा उघडलं. ते स्वच्छ निघालं. पण सहीचा अर्थ मला त्या दिवशी कळला. सही म्हणजे "मी बघितलं", "बघितलं असेल" नव्हे.

तुम्ही म्हणाल, काका, हे आम्हाला कशाला? आपल्याकडे कुठे विमान आहे?

विमान नाही, पण जिना आहे. दोन्ही इमारतींना एकेकच. त्या जिन्याखाली मीटरची खोली, पंचवीस वर्षांपूर्वीची. तेव्हा घरोघरी एक फ्रिज, दोन पंखे होते. आता एसी आहेत, गिझर आहेत, प्रत्येकाकडे इन्व्हर्टर आहे. कर्जतला इन्व्हर्टरशिवाय उन्हाळा निघतो का? लोड वाढला, वायर तीच. त्याच जिन्याखाली रात्री इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लागतात, कुणाच्या तरी खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेन्शनवर. ती वीज खालच्या मेन स्विचने बंद होते का? नाही होत. स्विसएअरचं बटण आठवा.

मागच्या वर्षी मीटरच्या खोलीतून जळका वास आला होता. वायरमनने टेप गुंडाळली, वास गेला. सर्वसाधारण सभेत पॅनेल बदलायचा विषय दोनदा आला आणि दोन्ही वेळा "पुढच्या सभेत बघू" म्हणून राहिला. मी कुणाकडे बोट दाखवत नाही. पुढे ढकलायला ज्यांनी हात वर केले, त्यांत माझाही हात होता. कोटेशन मोठं होतं, माझी पेन्शन आहे तेवढीच आहे, आणि मनात आलं, चालतंय की! ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या विमानात हे वाक्य चालू दिलं नाही, त्याने स्वतःच्या जिन्याखाली ते चालवून घेतलं. आज सगळ्यांसमोर ते कबूल करतो.

सोसायटीला वाढदिवसाची भेट म्हणून माझी विनंती आहे, एक वही घाला. विमानाच्या लॉगबुकासारखी. त्यात पहिली कामं ही तीन. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून मीटर पॅनेल, अर्थिंग आणि मेन वायर तपासून, जे बदलायला सांगतील ते बदलायचं. स्कूटरच्या चार्जिंगला जिन्यापासून लांब, वेगळी लाइन, तिला वेगळा ब्रेकर, आणि तो कुठे आहे हे वॉचमनपासून मुलांपर्यंत सगळ्यांना माहीत. आणि ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी वर्षातून एकदा बॅटरीची जोडणी तपासून घ्यायची. लिथियमची असेल तर फुगली आहे का, हेही बघायचं. प्रत्येक कामापुढे तीन रकाने: कुणी करायचं, कधीपर्यंत, आणि झाल्यावर सही. "कार्यकारिणी करेल" असं लिहायचं नाही. माणसाचं नाव लिहायचं. "लवकरच" लिहायचं नाही. तारीख लिहायची.

विमानाच्या धंद्यात म्हणतात की प्रत्येक नियम कुणाच्या तरी रक्ताने लिहिलेला असतो. आपल्याला नशिबाने नुसत्या वासावर कळलं आहे. तेवढ्यावर नियम लिहिता आला तर यासारखी स्वस्त गोष्ट नाही.

पुढच्या महिन्यात सभा आहे. विषय तिसऱ्यांदा येईल. वर्गणीचा आकडा ऐकून माझ्याही पोटात गोळा येईल. पण या वेळी माझा हात कामाच्या बाजूने वर असेल, आणि तपासणीच्या वेळी कंत्राटदाराबरोबर टॉर्च आणि आरसा घेऊन मी स्वतः त्या खोलीत उभा राहीन. मागची बाजू बघितल्याशिवाय सही करणार नाही.

  सोसायटीला पन्नाशीसाठी शुभेच्छा.