फुकटाचा हिशेब

२०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा आपल्यापैकी कित्येक शिक्षकांनी स्वतःच्या फुकट खात्यावरून झूमवर वर्ग घेतले असतील. उदाहरण रंगात यावे, आणि ४० मिनिटे भरताच वर्ग तुटावा! पुन्हा निरोप धाडा, पुन्हा मुले गोळा करा. आपण वैतागलो. पण तो बिघाड नव्हता, बरं का. ते विकणाऱ्याने मुद्दाम घातलेले कुंपण होते.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात फुकट देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक मुदतीची: चौदा किंवा तीस दिवस सगळे वापरा, पुढे पैसे मोजा. हिच्यात पुष्कळदा आधीच ऑटोपेची परवानगी घेऊन ठेवतात आणि मुदत सरली की खात्यातून रक्कम जाते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा वसुलीआधी २४ तास सूचना येऊ लागली. ती वाचत चला. नको असेल तर परवानगी रद्द करता येते.

दुसरी तऱ्हा म्हणजे कायमचे फुकट, पण थोडेच. 'फ्री' आणि 'प्रीमियम' सांधून तिला २००६ साली 'फ्रीमियम' हे नाव मिळाले. आंबेवाल्याने चाखायला दिलेली फोड गेली ती गेलीच. सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत काढायला मात्र जवळजवळ काहीच पडत नाही. त्या 'जवळजवळ'मध्येच सारी मेख आहे. साठवणीची जागा, तक्रारी ऐकणारा माणूस, यांचे पैसे पडतातच.

ड्रॉपबॉक्स ही अमेरिकेतली कंपनी पाहा. वर्षाला ९९ डॉलरची सेवा विकायला तिला एकेका गिऱ्हाइकामागे जाहिरातीवर २३३ ते ३८८ डॉलर मोजावे लागत होते. मग तिने फुकटच्या २ जीबी जागेवर भर दिला. शिवाय जो दुसऱ्याला आणील त्याला आणि येणाऱ्यालाही जादा जागा. सप्टेंबर २००८ मध्ये एक लाख असलेले वापरणारे जानेवारी २०१० पर्यंत चाळीस लाख झाले. फुकट दिलेली जागा हीच तिची जाहिरात झाली.

हे ऐकून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने किराणा दुकानदारांसाठी उधारीची वही फोनवर आणली आणि सगळीच फुकट दिली. दोन वर्षांनी महिना शंभर रुपये मागितले, तर दुकानदार म्हणाले, "इतके दिवस नव्हते, आताच कसले रे?" त्यांचेही चूक नव्हते. यानेच विकायला काही मागे ठेवले नव्हते.

"सर, कुंपण घालू तरी कुठे?" त्याने विचारले. मी म्हटले, "एकट्या दुकानदाराला पुरेल तेवढे राहू दे. ज्याचा धंदा वाढून गल्ल्यावर दुसरा माणूस बसला, त्या दुसऱ्या फोनाचे पैसे घे. जुन्यांना दिलेले मात्र काढून घेऊ नकोस."

त्याने तसे केले. पहिल्या महिन्यात अकरा दुकानदारांनी पैसे भरले. अकराच! पण सर्व्हरचे बिल त्यातून भागले, आणि घरून पैसे मागण्याची वेळ त्या महिन्यात त्याच्यावर आली नाही.