तहातली रिकामी जागा



‘महायुद्धानंतरचा तह’ हा विषय आम्हांला देण्यात चिटणिसांची काय मसलत होती, ते त्यांनाच ठाऊक. आमची शाळा लवकर सुटली. जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. तेव्हा पंडिताचे व्याख्यान आपण अपेक्षू नये. आमचा धंदा भांडण लावण्याचा, असे कित्येकांना वाटते. पण भांडण लावायला एक दिवस पुरतो. ते मिटवून मिटलेले ठेवणे किती कठीण, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत.

युरोपला जाण्याआधी आपल्याच मुलखाकडे पाहू. १८०३ साली इंग्रज आणि शिंदे-भोसले यांचे युद्ध जुंपले. सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड. पुढे दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगाव येथे नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांचा तह झाला. इंग्रजांकडून आर्थर वेलस्ली होता. कटक प्रांत आणि बालेश्वर बंदर गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला, नागपुरात इंग्रज रेसिडेंट येऊन बसला. दोन दिवसांत एवढे! हरलेला माणूस घाईत असतो, आणि जिंकलेला ती घाई ओळखून असतो.

पण त्या तहात एक कलम असे होते, की भोसल्यांच्या ज्या मांडलिकांनी कंपनीशी करार केले असतील ते करार भोसल्यांनी मान्य करावेत, आणि त्या मांडलिकांची यादी मागाहून द्यावी. मागाहून! यादी आली तेव्हा संबळपूर आणि पाटणा (बिहारचे नव्हे, ओरिसातले) यांवरून तंटा उभा राहिला. भोसल्यांना वाटले, आपल्याला फसवले. १८०६ साली ते प्रदेश परत मिळाले, पण मनात बसलेला संशय कसा परत जाणार? शिंद्यांशी झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहातही ग्वाल्हेर आणि गोहद यांचा असाच घोळ झाला. त्या वेळी वेलस्लीनेच लिहून ठेवले, की ग्वाल्हेर गेले तरी चालेल, पण शब्दाची पत जाता कामा नये. शत्रू असला तरी माणसाला गोष्ट कळली होती, हे आम्ही मान्य करतो.

तहाची किंमत कोणी भरली? राज्याचा मोठा हिस्सा गेल्यावर रघूजींनी उरलेल्या मुलखातून तूट भरून काढायला घेतली. सारा वाढला, नवे कर बसले, शिपायांचे पगार थकले. थकलेला शिपाई कुणब्याच्या घरात शिरला आणि पाठोपाठ पेंढारी आले. देवगावला बसलेल्यांपैकी वैनगंगेकाठच्या धानकऱ्याला कोणी विचारले नव्हते. १८१६ ला रघूजी वारले, त्याच वर्षी आप्पासाहेबांनी तैनाती फौजेचा तह केला, आणि १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीवर तोफा उडाल्या. १८१८ साली तर इथल्या कामठ्याच्या जमीनदाराने, चिमणा पटलाने, बंड केले. इंग्रजी फौजेने कामठा घेतला आणि जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. देवगावला झालेली शांतता चौदा वर्षेही टिकली नाही.

आता युरोप. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात तह झाला. त्याच महालात १८७१ साली जर्मन साम्राज्याची द्वाही फिरली होती. जागा निवडतानाच डिवचणे होते. अटी ठरवताना जर्मनांना बाहेर ठेवले, आणि तयार कागद पुढे केला. त्यातही नुकसानभरपाईचा आकडा लिहिलाच नव्हता! तो १९२१ साली ठरला, १३२ अब्ज सुवर्ण मार्क. कोऱ्या हुंडीवर सही घेतल्यासारखेच हे झाले. दुसऱ्या महायुद्धाला तेवढे एकच कारण होते, असे आम्ही म्हणणार नाही. मंदी होती, हिटलर होता. पण हिटलरला भाषणाला विषय लागत होता, तो या तहाने दिला. उलट १८१४-१५ साली व्हिएन्नाला हरलेल्या फ्रान्सचा तालेरां बोलणीत बसला होता. तिथल्या राजेलोकांनी जनतेचे भले केले असे नव्हे, पण टेबलाशी खुर्ची दिल्याने फरक पडतो.

हे वाचताना आम्हांला हसू आले नाही, कारण तीच चूक आमच्या हातून झाली होती. एका बिडी कारखान्याचा संप तीन आठवडे चालला. मालक दर हजारी वाढ देण्यास कबूल झाले. छाटीचा प्रश्न राहिला, म्हणजे सट्टेदार ज्या बिड्या खराब म्हणून काढून टाकतो त्यांचा. मालकांचा माणूस म्हणाला, ते मागाहून बसून ठरवू. आम्ही सही केली. बायांच्या घरी चुली पेटत नव्हत्या. आणखी आठवडाभर ताणायची आमची छाती झाली नाही. गुलाल उधळला. महिन्याभरात सट्टेदाराच्या सुपातली छाट दुप्पट झाली. एक म्हातारी बाई कचेरीत आली, रागावली नाही, एवढेच म्हणाली, “भाऊ, दर वाढला, पण छाटीनं नेला.” त्या दिवशी सही करायला नको होती काय? आम्हांला अजून उत्तर देता येत नाही. आणखी आठवडा ताणला असता, तर संप मोडलाही असता.

पुढच्या बोलणीला आम्ही त्या म्हातारीला आणि आणखी एका बाईला बरोबर नेले. यांना कायद्यातले काय कळते, असे समोरच्यांनी विचारले. म्हातारी हलली नाही. शंभर बिड्यांत किती काढायच्या, कोणासमोर काढायच्या आणि काढलेल्या बिड्या कोणाच्या, हे तिने एकेक करून लिहवून घेतले. बोलणी चार दिवस लांबली, आणि आम्ही बहुतेक वेळ गप्प होतो.