हातातले यंत्र आणि मालकीचा प्रश्न



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे आता पगार, बोनस आणि करार ऐकावे लागणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी बोलणार आहे ते हातात मावणाऱ्या खेळाच्या संगणकांविषयी. विषय पोरासोरांचा वाटेल. परंतु त्याच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक उत्पादनाचा समूह उभारण्यास २०२२ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. आपल्या तालुक्यातील मुलेमुली अशा कारखान्यांत यंत्रे जुळवण्याच्या कामाला जातील. म्हणून विचारतो, की पैसे मोजून घरी आणलेले यंत्र नक्की कोणाचे?

शेतकऱ्याने कुदळ घेतली, तर दांडा बदलताना तो दुकानदाराची परवानगी मागत नाही. खेळाच्या यंत्राचे तसे नाही. मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक यंत्रांवर कंपनीने मान्य केलेलेच खेळ चालतात. आत कुलूप असते आणि किल्ली कंपनीजवळ राहते.

याला दुसरी वाट निघाली. कोरियातील गेम पार्क या कंपनीने २००१ साली जीपी३२ नावाचे यंत्र काढले. त्यासाठी कोणीही घरबसल्या आज्ञावली लिहावी, अशी मुभा होती. पुढे २००५ साली जीपीटूएक्स आले. ते लिनक्स या मुक्त प्रणालीवर चाले. ही यंत्रे वापरणाऱ्या हौशी मंडळींनी ठरवले, की आता आपल्याला हवे तसे यंत्र आपणच करू. त्याचे नाव पँडोरा. २००८ साली सुमारे चार हजार जणांच्या मागण्या आगाऊ पैशांसह नोंदवून घेतल्या गेल्या. साखर कारखान्याचे भाग घेणाऱ्या आपल्या मुलखाला ही रीत समजावून सांगायला नको. पहिली यंत्रे मात्र २०१० च्या मे महिन्यात हाती पडली, आणि कित्येकांना त्यानंतरही फार वाट पाहावी लागली. उत्साहाने भांडवल जमते; माल वेळेवर काढायला कारखान्याची शिस्त लागते. तरीही काम झाले. खेळाची बटणे आणि पूर्ण कळफलक असलेला संगणक खिशात आला, आणि त्याला कुलूप नव्हते.

अशा यंत्रांवर दोन गोष्टी प्रामुख्याने चालतात. पहिली म्हणजे घरी लिहिलेल्या आज्ञावल्या. नोकरी सांभाळून, रात्री जागून कोणी एखादा खेळ लिहितो, कोणी हिशेबाची वही करतो आणि इतरांना वाटून टाकतो. दुसरी गोष्ट म्हणजे इम्युलेटर. शब्द परका असला तरी कल्पना आपल्या ओळखीची आहे. गावात बहुरूपी येतो. फौजदाराचे सोंग घेतले, की त्याची बोली, चाल, दरडावणी हुबेहूब फौजदाराची. इम्युलेटर हा यंत्रातला बहुरूपी. जुन्या यंत्राची आज्ञा आली, की तिचा अर्थ लावून तो नव्या यंत्राकडून तेच काम करवून घेतो. जुन्या खेळाला वाटते, आपण आपल्याच घरात आहोत.

या बहुरूप्याची गरज काय? अमेरिकेतील एका संस्थेने २०२३ साली पाहणी केली. तेथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे तिला आढळले. यंत्रे बंद पडली, कंपन्या बुडाल्या आणि माणसांनी केलेले काम अडगळीत गेले.

येथे मजुराची गोष्ट येते. अटारी ही अमेरिकन कंपनी. तिचे खेळ लिहिणाऱ्यांची नावे खोक्यावर नसत, आणि खपावर हिस्साही मिळत नसे. चार जण १९७९ साली बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन ही आपली कंपनी काढली. वॉरेन रॉबिनेट या कारागिराने दुसरा मार्ग धरला. ‘ॲडव्हेंचर’ या खेळात त्याने एक गुप्त खोली बांधली आणि तिच्यात स्वतःचे नाव लिहून ठेवले. मालकाला पत्ता नव्हता. एका मुलाने खेळता खेळता ते नाव शोधून काढले. ते यंत्र आज दुकानात नाही, परंतु बहुरूप्याच्या कृपेने ती खोली अजून उघडता येते. मंदिराच्या पायरीवर पाथरवटाने नाव कोरावे, तसे ते नाव टिकले आहे.

याच न्यायाने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दुसऱ्याचा खेळ फुकट उतरवून विकणे म्हणजे कारागिराच्या ताटातली भाकर उचलणे होय. इम्युलेटर तयार करणे वेगळे आणि परक्या खेळांच्या चोरट्या प्रतींचा धंदा वेगळा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ रीतसर घेतलेल्या आज्ञावलीची राखीव प्रत ठेवू देते, आणि तिचे कार्य तपासून अभ्यासूही देते. हा हक्क लहान आहे, पण तो आपला आहे, आणि तो माहीत असला पाहिजे.

आपल्या देशानेही हा प्रयत्न केला होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी एन्कोअर या कंपनीबरोबर सिंप्युटर नावाचा हातातला संगणक आखला. तोही लिनक्सवर चाले. खेड्यातल्या माणसासाठी तो होता, आणि त्याचा आराखडा इतरांनाही घेता येईल अशी सोय होती. भारत इलेक्ट्रॉनिक्सने तयार केलेला सिंप्युटर २००४ साली विक्रीला आला. तो अपेक्षेइतका खपला नाही. पुढे स्वस्त मोबाइलने बाजार व्यापला. परंतु मोबाइलने सोय दिली तरी किल्ली दिली नाही. सिंप्युटर हरला, तरी त्याने विचारलेला प्रश्न तसाच उरला.

मग आपण काय करावे? फार पैसा लागत नाही. २०१२ पासून मिळणारा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक जुन्या दूरदर्शन संचाला जोडता येतो. शाळेत किंवा वाचनालयात असे एक यंत्र ठेवा. मुलांना त्यावर खेळू द्या, मग मास्तरांनी विचारावे, “हा उडी कशी मारतो? उडी दुप्पट करून दाखव.” ज्या मुलीने एकदा आज्ञावलीतला आकडा बदलून ती उडी दुप्पट केली, तिला यंत्राची भीती राहत नाही. उद्या ती कारखान्यात गेली, तर केवळ स्क्रू पिळणारा हात म्हणून जाणार नाही. समोरच्या पट्टीवर काय जाते आहे, हे तिला कळलेले असेल. आणि ज्याला काम कळते त्याला कामाची किंमतही मागता येते. तीस वर्षे कामगारांत वावरून मला एवढे पक्के ठाऊक झाले आहे.