कमरेचा कट्टा आणि मनातील भय



अहिल्यानगर, श्रीरामपूर यांसारख्या शहरांत गावठी कट्टा जप्त झाल्याची वार्ता येते आणि तीत एखादा कोवळा मुलगा असला की आपण त्यालाच दोष देऊन मोकळे होतो. परंतु त्याच्या मनात शौर्यापेक्षा भय अधिक असते. कोणी अंगावर येऊ नये, टोळक्यात आपली पत राहावी, एवढ्यासाठी तो शस्त्र बाळगतो; आणि त्याच शस्त्रापायी साध्या बाचाबाचीचे पर्यवसान हत्येत होते.

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार २१ वर्षांखालील व्यक्तीस सर्वसाधारणपणे परवाना मिळत नाही. मग कट्टा देतो कोण? मुलांना बेकायदेशीर कृत्यांस जुंपणाऱ्या प्रौढास बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये ७ वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. पालकांनी मुलाचे भय आधी जाणून घ्यावे आणि कट्टा पुरविणाऱ्याची माहिती पोलिसांना निर्भयपणे द्यावी.