बरणीतला किडा आणि पेन्सिलीचं लेबल

नंदुरबारात बसून समुद्राच्या तळावरच्या किड्यांबद्दल बोलायचं म्हटल्यावर काहीजण हसतील. आपलं समुद्राशी नातं काय, तर तापी प्रकाशाहून पुढे सुरतेकडे जाते आणि अरबी समुद्राला मिळते, तेवढंच. पण नर्मदा ओलांडून धार जिल्ह्यातल्या बाग गावाकडे गेलात, तर तिथल्या चुनखडकात शिंपले सापडतात, काटेरी चेंडूसारख्या अर्चिनांचे सांगाडे सापडतात. साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. कुणीतरी ते दगड गोळा करून पाठवले, म्हणून 1865 सालीच बागच्या अर्चिनांचं वर्णन लंडनच्या एका नियतकालिकात छापून आलं.

आज बोलायचंय ते या गोळा करून ठेवण्याबद्दल. गोव्यात दोना पावलाला एनआयओ आहे, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. 1966 सालची. तिथले लोक जहाजावरून तळाचा चिखल उचलतात आणि चाळणीतून धुतात. चाळणीची भोकं अर्धा मिलिमीटर, कधी त्याहूनही बारीक. वर उरतात ते कृमी, शिंपले, कोळंबीचे चिमुकले भाऊबंद. पाठीचा कणा एकालाही नाही. चिखलात ते दिसावेत म्हणून रोझ बेंगाल नावाचा गुलाबी रंग टाकतात. मग फॉर्मॅलिन, त्यानंतर अल्कोहोल. डीएनए काढायचा असेल तर मात्र फॉर्मॅलिन टाळतात, सरळ अल्कोहोल. फॉर्मॅलिनमध्ये आकार छान टिकतो, डीएनए खराब होतो.

बरणीत आणखी एक वस्तू असते. कागदाचं लेबल, तेही आत, किड्याच्या शेजारी. बाहेर चिकटवलेलं लेबल सुटून पडू शकतं. आणि बॉलपेनने लिहिलं तर अल्कोहोलमध्ये शाई विरघळते, म्हणून पेन्सिलीने लिहितात. कुठे, किती खोल, कोणत्या तारखेला, कुणी. माझ्या मते किड्यापेक्षा हा कागद महाग. कागद हरवला की उरतं ते फक्त लोणचं!

'कुठे' लिहिणंही वाटतं तितकं सोपं नाही, बरं का. 1990 साली शहाद्याला एखादा शंख उचलला असता, तर लेबलवर काय आलं असतं? 'जिल्हा धुळे'. नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. त्याही आधीचा शंख असेल तर 'पश्चिम खानदेश'. म्हणून अक्षांश-रेखांश लिहायचे. जिल्ह्यांची नावं बदलतात, ते बदलत नाहीत. तुमच्या फोनमध्ये ते एका टॅपवर मिळतात.

आता हे सगळं कशासाठी? मध्य हिंदी महासागरात पाच किलोमीटर खोल तळावर बटाट्याएवढ्या गाठी पसरल्या आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. त्या शोधायचा हक्क भारताकडे आहे, क्षेत्र 75,000 चौरस किलोमीटर. आपल्यासारखे डझनभर जिल्हे त्यात सहज मावतील. उद्या तिथे यंत्रं उतरली तर चिखल ढवळला जाणार आणि त्यातले जीव मरणार. किती, आणि परत येणार कधी? एनआयओने 1997 साली तिथल्या तळाचा एक छोटा पट्टा मुद्दाम ढवळून पाहिला. त्याआधी नमुने घेतले, नंतरही घेतले. पुन्हा जाऊन चिखल आणता येतो, पण ढवळण्याआधीचा तळ आता फक्त त्या आधीच्या नमुन्यांतच बघायला मिळतो. ते नीट ठेवले नाहीत, तर खाणकामाने काही बिघडलं की नाही, हे कशाशी ताडून बघणार?

धातू लागणारच, मोबाइलच्या बॅटरीतही कोबाल्ट असतो. मी खाणीच्या विरोधात भाषण द्यायला बसलेलो नाही. पण बरण्यांवर होणारा खर्च मला अजिबात फुकट वाटत नाही.

नवी प्रजाती सापडली तर 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तिचा नमुना सरकारने ठरवलेल्या संस्थेत जमा करावा लागतो. ज्या नमुन्यावरून नाव दिलं, तोच पुढे पुरावा. पण नाव देणारी माणसं फार थोडी. त्यामुळे खोल समुद्रातल्या कितीतरी जिवांच्या नावापुढे नुसतं 'एसपी. 1', 'एसपी. 2' असं लिहिलेलं असतं. म्हणजे कुळ कळलं, नाव ठेवायचं राहिलं. बीएस्सीला झूलॉजी घेतलेले आपल्याकडे बरेचजण ऐकत असतील. या कामाला पोहता येण्याची अट नाही. सूक्ष्मदर्शक, चिमटा आणि एकेका कृमीचे केस मोजत बसायची चिकाटी लागते.